लाकडी नंदीबैल निवड समितीसमोर
हस्तकला प्रदर्शनांत प्रवेश मिळवताना गडचिरोलीच्या कारागिराला कलेपेक्षा कागद, छायाचित्र आणि लाकडाचा ओलावा अधिक अडवतात

आरमोरी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातील गावागावांत बालगोपाळांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभा केलेला, शिंगांना बेगड लावलेला लाकडी नंदीबैल दोरीने ओढत मुले घरोघरी जातात आणि 'बोजारा' मागतात. सण संपला की बैल माळ्यावर जातो आणि पुढल्या वर्षी धूळ झटकून पुन्हा खाली येतो. तो घडवणारा गावचा सुतार मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकटी आणि खाटांच्या कामाला लागतो. नंदीबैलाकडे हस्तकला म्हणून पाहण्याची सवय ना गिऱ्हाइकाला आहे, ना खुद्द सुताराला.

हाच बैल दिल्लीच्या किंवा मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनात मांडायचा झाला तर काय करावे लागते, हा प्रश्न वैनगंगेकाठच्या आरमोरीसारख्या गावात विचारण्याजोगा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. सागवानासाठी तर हा टापू देशभर ओळखला जातो. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे सागवान समारंभपूर्वक रवाना झाले, ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले होते. त्या दारांवरील कोरीवकाम मात्र दक्षिणेकडील कारागिरांच्या हातचे. लाकूड आमचे आणि कारागिरी दुसऱ्याची, ही या दोन जिल्ह्यांची जुनी व्यथा आहे.

सीमेपलीकडे पाहिले की ती अधिक बोचते. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील कांकेरचे काष्ठशिल्पी अजयकुमार मंडावी यांना २०२३ मध्ये, तर नारायणपूरचे पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बस्तरच्या लाकडी कोरीवकामाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. माडिया-गोंड समाजाची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. गोटूलचे कोरीव खांब, तंबाखूच्या डब्या, लाकडी फण्या ही परंपरा काही राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. व्हेरियर एल्विन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथात अशा वस्तूंची तपशीलवार नोंद घेतली होती. फरक पडला तो नंतरच्या काळात. बस्तरमध्ये कारागिरांची नोंदणी झाली, प्रशिक्षण झाले आणि बाजारपेठेशी गाठ पडली. या बाजूला ते तेवढ्या प्रमाणात घडले नाही.

निवड म्हणजे नेमके काय?

'प्रदर्शनात निवड होते' असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः निवडीचे प्रकार निरनिराळे आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने अनेक कारागीर चुकीच्या दारात वाट पाहत राहतात.

पहिला प्रकार सरकारी बाजारांचा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालय देशभर गांधी शिल्प बाजारासारखी प्रदर्शने भरवते. २०२२ च्या अखेरीपासून त्यांचे अर्ज, निवड आणि दालनवाटप ऑनलाइन झाले आहे. येथे कुणी परीक्षक बैलाच्या वशिंडाची गोलाई पाहत बसत नाही. कारागीर ओळखपत्रधारक आहे की नाही हे पाहिले जाते आणि जागेपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्येही कारागिरांना पाळीपाळीने साधारण पंधरवड्यापुरती जागा मिळते. अशा ठिकाणी नाव आले नाही तर आपली कला कमी पडली, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पुन्हा अर्ज करावा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने पारखून घेण्याचा. लैला तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेली 'दस्तकार', कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये उभी राहिलेली भारतीय हस्तकला परिषद, मुंबईचा १९९९ पासूनचा काळा घोडा कला महोत्सव यांच्या बाजारांत आयोजक वस्तू पाहून ठरवतात. फरिदाबादजवळचा सूरजकुंड मेळा १९८७ पासून फेब्रुवारीत भरतो. तेथेही मागणी जागेपेक्षा कितीतरी अधिक असते. परदेशात ही पद्धत अधिक काटेकोर आहे. अमेरिकेत १९८३ पासून भरणाऱ्या स्मिथसोनियन हस्तकला प्रदर्शनात तिघा जाणकारांची समिती अर्जांतून सुमारे १२० जणांची निवड करते. सांता फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला बाजार २००४ पासून जगभरच्या कारागिरांना बोलावतो आणि तेथे परंपरेशी असलेले नाते हा मोठा निकष मानला जातो.

तिसरा प्रकार पुरस्कारांचा. १९६५ पासूनचे राष्ट्रीय हस्तकला पुरस्कार आणि २००२ पासूनचा शिल्पगुरू सन्मान यांसाठी कलाकृती समित्यांच्या तीन पायऱ्या चढून जाते. त्याचा विचार नंतर करता येईल. मात्र पुढे तिकडे जायचे असेल, तर पहिल्या दोन वाटांवरची वर्षे कामी येतात.

आदिवासी कारागिरांसाठी आणखी एक दार आहे. 'ट्रायफेड' ही १९८७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सहकारी संस्था आदिवासी कारागिरांची पुरवठादार म्हणून नोंदणी करते, त्यासाठी जिल्हापातळीवर आदिवासी कारागीर मेळे भरवते आणि २०१७ पासून दिल्लीत आदी महोत्सव घेते. भामरागड-एटापल्लीच्या माडिया कारागिराला हे दार जवळचे. आरमोरीच्या सुताराला ते बंद आहे. त्याने हस्तकला आयुक्तालयाचाच रस्ता धरलेला बरा.

सुतारकाम की हस्तकला?

येथे पहिली खरी अडचण उभी राहते. सुतार ओळखपत्रासाठी अर्ज करतो तेव्हा त्याच्या हातात अनेकदा खुर्ची, चौरंग किंवा दाराच्या चौकटीचे छायाचित्र असते. अर्ज मागे पडतो आणि 'साहेबांना काम आवडले नाही' असा निष्कर्ष निघतो. खरे कारण व्याख्येत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात लाकडी फर्निचरवरील उत्पादन शुल्काच्या एका प्रकरणात हस्तकलेची कसोटी स्पष्ट केली होती. वस्तू मुख्यत्वे हाताने घडवलेली असावी, तिच्यावर कोरीव, जडावाचे किंवा तत्सम काम असावे, त्या कामाने तिला कलात्मक मूल्य यावे आणि ते काम नावापुरते नसून भरीव असावे, असे त्या निकषांचे सार आहे. यंत्र अजिबात वापरायचे नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. लाकूड यंत्रावर कापून घेतले तरी हरकत नाही; आकार आणि अलंकरण हाताचे असले पाहिजे.

या कसोटीवर नंदीबैल चौकटीपेक्षा कितीतरी सरस ठरतो. वाकसाने काढलेले वशिंड, पटाशीने कोरलेली झूल, मानेखालच्या पोळीच्या वळ्या हे सारे हातकामच आहे. मात्र अलीकडे बरेच बैल साच्यासारखे एकाच मापात कापून, वर ऑइल पेंटचा जाड थर देऊन विकले जातात. रंगाखाली लाकूड दिसत नाही आणि पटाशीचा माग तर मुळीच दिसत नाही. पारखी समितीपुढे असा बैल टिकणे कठीण. जाणत्या परीक्षकाला लाकूड पाहायचे असते.

ओळखपत्राचे महत्त्व प्रदर्शनापुरते नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. लाकडी बैल मुलांनी ओढायचा असेल, तर तो खेळणेच ठरतो. प्रत्येक सुताराने प्रयोगशाळेत बैल तपासून घ्यायचा म्हटले तर तान्हा पोळाच बंद पडेल. म्हणून हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना, तसेच भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना या आदेशातून सूट देण्यात आली. म्हणजे खिशात कारागीर ओळखपत्र असेल, तर बैल निर्धोकपणे विकता येतो. ते नसेल तर शहरातील एखादा सजग आयोजक दालन देताना हाच प्रश्न विचारू शकतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे असे दोन्ही व्यवसाय आहेत. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. तथापि विश्वकर्मा म्हणून झालेली नोंदणी आणि हस्तकला आयुक्तालयाचे ओळखपत्र या दोन वेगळ्या गोष्टी होत. एक मिळाले म्हणजे दुसरे मिळाले, असे नव्हे.

लाकूड कुठले, हा अवघड प्रश्न

जंगलात राहणाऱ्याला लाकूड फुकट मिळते, अशी शहरात समजूत असते. प्रत्यक्षात गडचिरोलीच्या सुताराला कायदेशीर सागवान मिळवणे पुण्याच्या सुताराइतकेच, किंबहुना अधिक जिकिरीचे आहे. पुण्यातला वखारीत जातो आणि पावती घेतो. गडचिरोलीतील कारागिराच्या हातात लाकडाचा ओंडका दिसला की तो कुठून आला, हा सवाल आधी येतो. वन आगारातील लिलावात मोठे व्यापारी बोली लावतात. दोन-चार ओंडके हवे असलेला माणूस तेथे उभा राहू शकत नाही. निस्ताराचे लाकूड घरगुती आणि शेतीच्या गरजेसाठी असते, विक्रीच्या वस्तूंसाठी नव्हे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांची मालकी मान्य केली. त्याचा पहिला गाजलेला परिणाम याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा येथे दिसला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. बांबूचे कारागीर त्यामुळे मोकळे झाले. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजाच्या बाहेरच राहिले.

पण कायद्यातील व्याख्या बारकाईने वाचली, तर लाकूडकाम करणाऱ्यांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट नजरेत भरते. गौण वनोपजाच्या यादीत बांबू, वेत, कोसा, मध, मेण, लाख, तेंदूपाने यांच्या जोडीला झाडोरा, मुळे आणि झाडांचे बुंधेही आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेच्या क्षेत्रातील बुंधा आणि मुळे ही शिल्पासाठी उत्तम सामग्री होय. बुंध्याच्या लाकडात तंतू गुंतलेले असतात, रंगाच्या छटा असतात आणि आकार मुळातच वेगळा असतो. चौकटीसाठी तो निरुपयोगी. शिल्पासाठी त्यातच मजा. ग्रामसभेचा ठराव आणि तिने दिलेली पावती सोबत असेल, तर निवड समितीच्या 'लाकडाचा स्रोत' या रकान्यात लिहायला प्रामाणिक आणि सुंदर उत्तर मिळते. आरमोरी परिसर कोशासाठी पूर्वापार ओळखला जातो आणि कोसा ज्या कलमाने ग्रामसभेचा झाला, त्याच कलमात बुंधाही आहे. त्याचा उपयोग मात्र अजून फारसा कुणी करून घेतलेला दिसत नाही.

सागाचाच हट्ट धरण्याचेही कारण नाही. शिवणीचे लाकूड फिकट, हलके आणि पटाशीला मऊ; हळदूचे पिवळसर आणि बारीक पोताचे. सावंतवाडीच्या खेळण्यांचे नाव पांगाऱ्याच्या मऊ लाकडावर झाले, सागावर नव्हे. शिसवीबाबत मात्र सावध असावे. २ जानेवारी २०१७ पासून शिसवी कुळातील सर्व वृक्ष दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले आणि निर्यातीला कागदपत्रे लागू लागली.

चार छायाचित्रांत अख्खे आयुष्य

समितीसमोर बैल जात नाही, बैलाचे छायाचित्र जाते. अमेरिकेतील प्रदर्शनांत पूर्वी पारदर्शिका पडद्यावर दाखवल्या जात, आता संगणकावर प्रतिमा दिसतात. पहिल्या फेरीत एका अर्जाच्या वाट्याला येतात ते अवघे काही सेकंद. भारतातही मोबाइलवरून पाठवलेली चार-पाच छायाचित्रे बहुतेक वेळा निर्णय करतात.

गावाकडून जाणाऱ्या छायाचित्रांत सामान्यतः अंगणात रांगेने उभे केलेले बारा बैल असतात, मागे मोटारसायकल, बाजूला कारागीर आणि वरून दुपारचे ऊन. एवढ्या साऱ्यात बैलाचा डोळा कसा कोरला आहे, ते दिसत नाही. राखाडी किंवा मळकट पांढऱ्या साध्या कापडावर एकच वस्तू ठेवावी. सकाळी दहाच्या सुमारास ओसरीत, सावलीत पण उजेडाच्या बाजूने फोटो घ्यावा. फ्लॅश वापरू नये, कारण पॉलिश केलेल्या लाकडावर त्याचा पांढरा डाग पडतो. एक छायाचित्र पूर्ण वस्तूचे, एक कोरीवकामाच्या अगदी जवळून, आणि सर्व मिळून एकाच घराण्यातल्या वाटतील अशा वस्तूंची. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. एक बैल, एक गणपती, एक मोबाइल ठेवण्याचा स्टँड आणि एक नावाची पाटी असे पाठवले, तर 'हा माणूस नेमके काय करतो' हे समितीला कळत नाही. चारही बैल असावेत, पण प्रत्येकाची मान वेगळी वळलेली असावी. अमेरिकेतील अनेक प्रदर्शनांत दालनाची मांडणी दाखवणारे छायाचित्रही मागतात आणि त्यात कलाकाराचे नाव दिसू नये अशी अट असते. निवड नावावर नव्हे तर कामावर व्हावी, हा हेतू.

अर्जातील मजकुराबाबतही असेच. 'आमच्याकडे सर्व प्रकारचे लाकडी काम केले जाते' हे वाक्य दुकानाच्या पाटीवर ठीक आहे. समितीला तान्हा पोळा माहीत नसतो. मुले बैल कसा ओढतात, बोजारा म्हणजे काय, चाके कशाची, किती पिढ्या हे काम चालले आहे, एवढे पाच-सहा ओळींत साध्या मराठीत लिहून घ्यावे आणि मग हिंदी-इंग्रजीत करून घ्यावे. 'युनेस्को'ने २००१ मध्ये आग्नेय आशियात सुरू केलेल्या आणि पुढे दक्षिण आशियात आणलेल्या हस्तकला गुणवत्ता मुद्रेच्या निकषांत कारागिरीच्या सफाईइतकेच अस्सलपणाला, नवतेला आणि विक्रीयोग्यतेला स्थान होते. नंदीबैलाकडे अस्सलपणा आयताच आहे. तो सांगितला मात्र पाहिजे.

तडा गेला की सारे गेले

निवड झाल्यावर घडणारा अपघात सर्वांत वाईट. आरमोरीच्या दमट भाद्रपदात घडवलेला बैल दिल्लीच्या कोरड्या हवेत जातो आणि आठवड्याभरात पोटापासून पाठीपर्यंत तडकतो. गिऱ्हाईक परत येते, आयोजकाकडे तक्रार जाते आणि पुढल्या वर्षी बोलावणे येत नाही.

कारण सरळ आहे. लाकूड सुकताना सगळीकडून सारखे आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे गाभ्यासह अखंड गोल ओंडक्यातून बैल काढला की तडा जवळपास ठरलेलाच. ओंडका आधी मधोमध चिरावा, गाभा वगळावा, टोकांना मेण किंवा जाड रंग लावून सावलीत थप्पी रचावी. हवेवर वाळवताना इंचाच्या जाडीला वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात काळ कमी लागतो, पण वैशाखाच्या उन्हात उघडे टाकलेले लाकूड बाहेरून भरभर सुकते आणि आतून ओलेच राहून टोकांना फाटते. मोठा बैल करायचा तर पोट आतून पोखरावे किंवा धड आणि मान वेगळ्या तुकड्यांतून जोडावी. जुने कारागीर हे करत आले आहेत. सणाच्या घाईत ओल्या लाकडाचा माल खपतो, म्हणून ते मागे पडले.

दिल्लीचा रस्ता आणि धानाची कापणी

बाहेरच्या राज्यात विकायचे म्हणजे जीएसटी क्रमांक हवाच, असे सांगून कारागिरांकडून पैसे उकळणारे मध्यस्थ आहेत. अधिसूचित हस्तकला वस्तूंच्या बाबतीत, आणि लाकडी कोरीव वस्तू त्या यादीत आहेत, वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातील कारागिराला आंतरराज्य विक्रीसाठी नोंदणीतून सूट आहे. पॅन लागतो आणि माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल काढावे लागते. सूट घेतलेल्या कारागिराला हे बिल मालाची किंमत कितीही कमी असली तरी लागते. इतर व्यापाऱ्यांना असलेली ५० हजारांची मर्यादा येथे लागू नाही. बैलांचे खोके वडसा स्थानकावरून गाडीत चढवण्यापूर्वी हा कागद आणि लाकडाची पावती एकत्र टाचलेली असावी.

राहतो प्रश्न वेळेचा. आरमोरी हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या तोंडावर महानगरांत प्रदर्शनांची गर्दी असते, नेमकी तेव्हाच येथे कापणी तोंडावर आलेली असते. पंधरा दिवस दिल्लीत दालनावर बसायचे तर शेतावर दुसरा माणूस लागतो, आणि मजुरी देऊन बैल विकण्यात काही हशील उरत नाही. सूरजकुंड किंवा काळा घोडा यांसारखे माघ महिन्याच्या सुमाराचे मेळे या भागातील कारागिराच्या शेतीच्या वेळापत्रकात बसतात. त्यांच्यासाठी बैल दिवाळीनंतर कोरायला घेता येतात; पण त्यांचे लाकूड आदल्या होळीपूर्वी घरात येऊन, चिरून, सावलीत रचलेले असायला हवे.